जोडीदार धुळ्याला गेला, आता पहाटे उठवणार कोण?

चालता चालता ऐकत असाल तर उत्तम, बसून ऐकत असाल तरी हरकत नाही. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकलाय. बोललो तसाच, थोडा साफसूफ करून.

आजचा विषय व्यायाम. पण कोणता व्यायाम करायचा, प्रोटीन किती खायचं, हे मी सांगणार नाही. मी कोड लिहिणारा माणूस, ट्रेनर नाही. मला बोलायचंय ते एवढंच, की व्यायाम एकट्याने टिकतो की जोडीने? आणि जोडीदार गाव सोडून गेला तर काय?

आपल्या खानदेशात हा दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे, कारण आपल्याकडे जोडीदार जातोच. डिग्री झाली की निम्मी बॅच पुण्याला, काही नाशिकला, काही सुरतला. उरलेल्यांपैकी कोणाचं लग्न होतं, कोणाची शिफ्ट बदलते, कोणाला घरचं दुकान सांभाळायला बोलावणं येतं. जानेवारीत जिमला जोडीने नाव घातलेली पोरं जूनपर्यंत जोडीनेच गायब होतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. एक थांबला की दुसरा आपोआप थांबतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. म्हणजे अख्खी सिस्टिम एका खांबावर उभी, तो खांब हलला की सगळं खाली.

माझ्या मित्राचं सांगतो. नाव घेत नाही, त्याने परवानगी दिली आहे पण एवढ्याच अटीवर. आम्ही कॉलेजपासूनचे. तो मूळचा धुळ्याचा, नोकरी जळगावला. मी घरून काम करतो, टीम पुण्याला, क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे माझी मीटिंग रात्री. सकाळ मोकळी. सात-आठ महिने आम्ही दोघं रोज मेहरूण तलावावर चालायला जायचो. तो गाडीचा हॉर्न वाजवायचा, मी खाली उतरायचो, बस. त्यात मोटिव्हेशन वगैरे काही नव्हतं. खाली एक माणूस गाडीवर थांबलाय म्हटल्यावर आपण उतरतोच.

दसऱ्यानंतर तो धुळ्याला परत गेला. वडिलांना बऱ्याच वर्षांपासून शुगर, आता इन्सुलिन सुरू झालं, दुकान बघायला माणूस नाही. जळगाव ते धुळे म्हणजे एरंडोल, पारोळा करत साधारण ९० किलोमीटर. रविवारी भेटायला ठीक, पहाटे हॉर्न वाजवायला नाही.

आता गंमत बघा. तो गेल्यावर माझं चालणं सुरू राहिलं, त्याचं बंद पडलं. मी काही त्याच्यापेक्षा जिद्दी नाही, उलट कॉलेजात तो कबड्डी खेळायचा आणि मी स्कोअर लिहायचो. फरक एवढाच होता की मेहरूणवर काकांचा एक ग्रुप आहे. एक निवृत्त मास्तर, एक रेल्वेतून निवृत्त झालेले, एक केळीचे व्यापारी, अजून दोघं-तिघं. आमची ओळख फक्त मान हलवण्यापुरती. पण मित्र दिसेना म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "तुमचा जोडीदार कुठंय? आणि तुम्ही काल का नव्हते?" झालं. दुसऱ्या दिवशी मी हजर. मला विचारणारं कोणीतरी होतं. धुळ्यात त्याला विचारणारं कोणी नव्हतं. नवी गल्ली, नवं वेळापत्रक, दुकान सकाळी लवकर उघडायचं. मी फोनवर विचारलं की म्हणायचा, "एकटाले कटाया येस भो."

जानेवारीत त्याने रक्त तपासलं. एचबीए१सी ६.१. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवते. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ च्या वर डायबेटिस, आणि मधला पट्टा म्हणजे प्रीडायबेटिस. वय २८. घरात वडिलांचं इन्सुलिन रोज डोळ्यासमोर. तो एकटाच असा आहे असं समजू नका. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आणि १३ कोटींहून जास्त लोक या मधल्या पट्ट्यात असल्याचा अंदाज निघाला. दिलासा एवढाच, की मधल्या पट्ट्यातून प्रत्येक जण पुढे जातोच असं नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने अशाच लोकांना तीन वर्षं रोजचं भरभर चालणं आणि खाण्यातले बदल पाळायला लावले, तर काहीच न करणाऱ्या गटापेक्षा डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. आपल्यासारखेच पोळी-भात खाणारे लोक, आपल्यासारखंच ऊन.

म्हणजे काय करायचं हे माहीत होतं. अडलं होतं ते रोज दाराबाहेर पडण्यापाशी.

इथे मी थोडं वाचलं. जोडीने जास्त जोर का लागतो यावर सगळ्यात जुन्या प्रयोगांपैकी एक १९२० च्या दशकातला आहे. ओट्टो क्योलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका रोइंग क्लबच्या पोरांना वजनाचा दांडा हाताने उचलत राहायला लावलं. आधी एकेकट्याने, मग दोघांना मिळून दुप्पट वजनाचा एकच दांडा. एकाने सोडला की दुसऱ्याला तो पेलणारच नाही, म्हणजे दोघांचंही थांबलं. यात जो कच्चा होता तो एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं थांबू नये, एवढंच.

पण त्याच प्रयोगात अजून एक गोष्ट दिसली, ती लोक सांगत नाहीत. दोघांच्या ताकदीत थोडासा फरक असेल तेव्हा हा फायदा सगळ्यात जास्त. दोघं अगदी सारखे असतील तर कमी, आणि एक भीमासारखा नि दुसरा काडीपैलवान असेल तरीही कमी. फार पुढचा माणूस बघून आपण जोर लावत नाही, नाद सोडतो. इन्स्टाग्रामवरचे सिक्स पॅकवाले बघून मला व्यायाम करावासा का वाटत नाही, याचं उत्तर मला तिथे सापडलं. ते माझे जोडीदार होऊच शकत नाहीत. माझ्यापेक्षा चार पावलं पुढे असलेले ६३ वर्षांचे मास्तर होऊ शकतात. (ते खरंच पुढे असतात, त्यावर हसू नका.)

खरं तर ही गोष्ट आपल्या तालमींना कधीपासून माहीत आहे. खानदेशात गावोगाव तालमी होत्या, काही अजून आहेत. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, तो आपल्या जळगाव जिल्ह्याचा. त्यामुळे कुस्ती ही फक्त कोल्हापूरची असं मला कोणी सांगू नये. तर तालमीत बघा, कामाची वाटणी कशी असते. दंड-बैठका प्रत्येकाने आपापल्या मारायच्या. कोणी आला नाही म्हणून तुमच्या बैठका चुकत नाहीत. माती उकरायची पाळीपाळीने. आणि लढत मात्र जोडीनेच, तिथे जोड लावतो वस्ताद. आपल्याहून थोडा भारी गडी समोर देतो, फार भारी नाही. एकट्याचा भाग वेगळा, जोडीचा भाग वेगळा, आणि वर नजर ठेवणारा एक माणूस. यात एक पैलवान गाव सोडून गेला तरी तालीम बंद पडत नाही.

धुळ्याचाच अजून एक धागा आहे, ओघात आला म्हणून सांगतो. धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे, रामदासी हस्तलिखितं जपून ठेवणारं. समर्थ नाशिकजवळ टाकळीला असताना रोज १२०० सूर्यनमस्कार घालायचे असं परंपरा सांगते. आकड्यावर वाद घालायचा तर घाला. पण सूर्यनमस्काराला जोडीदार लागत नाही, जिम लागत नाही, रस्ताही लागत नाही, एवढं तर खरं. एकट्याचा भाग म्हणून तो उत्तम.

आता आम्ही काय केलं ते. एकदम साधं. जानेवारीपासून मिस कॉल.

तुम्ही म्हणाल अनलिमिटेड कॉलिंगच्या जमान्यात मिस कॉल? हो. आमचे नियम सांगतो. थंडीत ६ वाजता, आता एप्रिलपासून ५ वाजून १० मिनिटांनी. जो आधी उठेल त्याने एक रिंग द्यायची. दुसऱ्याने बूट घातले की उलटी एक रिंग. दहा मिनिटांत उलटी रिंग आली नाही तर एकदाच पूर्ण कॉल. तोही उचलला नाही तर विषय संपला, आपण आपल्या वाटेने चालायला जायचं. दिवसभर टोमणा नाही, "काय साहेब, झोप झाली का" वगैरे नाही. आणि मेसेज तर अजिबात नाही. मेसेज टाकायला व्हॉट्सॲप उघडलं की तिथून स्टेटस, स्टेटसवरून रील, आणि अर्धा तास पलंगावरच. रिंगला स्क्रीन उघडावी लागत नाही. शिवाय त्याच्या घरात लहान बाळ आहे, फोन व्हायब्रेटवर उशाखाली, कोणाची झोपमोड नाही.

सुरुवातीला आम्ही पावलांचे स्क्रीनशॉटही पाठवायचो. तीन आठवड्यांनी त्यानेच बंद केलं. मी मेहरूणला दोन चकरा मारून अकरा हजारांवर, तो दुकानाच्या घाईत चार हजारांवर. रोज सकाळी हरल्यासारखं वाटायचं म्हणाला. परत तोच दांड्याचा प्रयोग, फरक फार झाला की जोर जातो. आता पावलं नाहीत, मिनिटं. दोघांचीही तीस. कोणी हळू चालो, कोणी पळो. आणि एक सांगू, त्या दहा हजार पावलांना एवढं देवासारखं मानायची गरज नाही. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. जागतिक आरोग्य संघटना पावलांचं बोलत नाही, ती म्हणते आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम. तीस मिनिटं, पाच दिवस. हिशोब सोपा आहे.

जोडीचा फायदा हा नुसता आमच्या दोघांचा भ्रम नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एक प्रयोग झाला. काहींना जिमला गेल्याबद्दल दर वेळी एक डॉलर, एकटे या नाहीतर कोणाबरोबर या. दुसऱ्या गटाला तोच एक डॉलर, पण मित्राबरोबर आलात तरच. आता विचार करा, दुसरी अट जास्त अवघड आहे, दोघांच्या वेळा जुळवा, मग या. तरी दुसरा गट ३५ टक्के जास्त वेळा आला. इंजिनिअरच्या डोक्याला हे पटत नाही, अट वाढवली तर आकडा कमी व्हायला हवा. पण माणूस सर्व्हर नाही.

लगेच याच्या उलटही ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकाच बाजूचं सांगतो. गूगलच्या अडीच हजार कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाला ठरलेल्या वेळेला जिममध्ये आलात तरच पैसे. दुसऱ्याला वेळ ठरवायला लावली, पण पैसे कधीही आलात तरी. मला वाटलं होतं ठरलेल्या वेळेवाल्यांची सवय पक्की होईल. झालं उलटं. पैसे बंद झाल्यावर कधीही येणारे जास्त टिकले. कारण पहिल्या गटाची वेळ चुकली की दिवसच गेला, आणि दुसऱ्यांना वेळ चुकली तरी संध्याकाळ होती.

म्हणून आमच्या सिस्टिममध्ये बॅकअप आहे. सकाळची रिंग चुकली तर रात्री जेवणानंतर घरातल्या घरात पंधरा मिनिटं, गच्चीवर किंवा जिन्यात, किंवा सूर्यनमस्कार करायचे असतील तर जेवणाआधी. आणि त्याची रिंग नाही. तो भाग ज्याचा त्याचा. उद्या आमच्यातला कोणी आजारी पडला, कोणाची बदली झाली, बोलाचाली बंद झाली, तरी तो भाग चालू राहील. जोडीदार दाराबाहेर पडण्यापुरता. बाकी अर्धा तास मी एकटाच चालतो, आणि खरं सांगू, मला तो एकटेपणा आवडतो. दिवसभर कोणीतरी कानात बोलत असतंच.

कानाचा विषय निघाला म्हणून. आपले बरेच श्रोते चालताना ऐकतात. एक युक्ती आहे, तिच्यावरही प्रयोग झालेत: एखादी आवडती गोष्ट फक्त व्यायाम करतानाच ऐकायची, घरी नाही. पुढे काय होतं ते कळायचं तर चालायला जावं लागतं. अमेरिकेत लोकांना चटक लावणाऱ्या कादंबऱ्या फक्त जिममध्येच ऐकायला दिल्या, सुरुवातीला जाणं बरंच वाढलं. मग सणाची सुट्टी आली आणि सगळं ढेपाळलं. आपल्याकडे दिवाळी आणि लग्नसराईचं तेच. त्यामुळे युक्ती चांगली, पण एकटी पुरत नाही. आणि हायवेच्या कडेने चालत असाल तर एक कान मोकळा ठेवा. मी कितीही चांगलं बोलत असलो तरी ट्रकचा हॉर्न जास्त महत्त्वाचा.

आता मुलींबद्दल. माझी मामेबहीण धुळ्यात देवपूरला राहते, बीएस्सी करते. तिला मी हे मिस कॉलचं मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर म्हणाली, "दादा, तुला जोडीदार उठायला लागतो. मला घराबाहेर पडू द्यायला लागतो." बरोबर आहे. पहाटे सव्वापाचला एकटी मुलगी अंधारात बाहेर, हे घरच्यांना चालत नाही आणि तिलाही नको वाटतं. तिच्यासाठी जोडीदार म्हणजे मोटिव्हेशन नव्हे, ती पहिली अट. तिने मामीलाच धरलं. मामीचे गुडघे दुखतात, ती हळू चालते, आणि पूर्ण वेळ बोलते. बहीण आधी वैतागली, वेग येत नाही म्हणून. मग त्यांनी असं ठरवलं की मैदानात मामी एका बाकावर बसते किंवा हळूहळू एक चक्कर मारते, आणि बहीण तेवढ्यात चार मारते. दोघी एकमेकींना दिसत राहतात. आता मामीच साडेपाचला तिला उठवते, कारण तिथे तिच्याही मैत्रिणी झाल्यात. गप्पा अर्धवट राहिलेल्या असतात ना.

माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित जोडीदार आहे. घरातलं माणूस. आपण शोधतो फिट मित्र, आणि स्वयंपाकघरात आई उभी असते, जिला डॉक्टरांनी चालायला सांगून दोन वर्षं झाली.

हवामानाचं बोललं नाही तर खानदेशातला पॉडकास्ट कसला. पुण्या-मुंबईच्या फिटनेसवाल्यांचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. थंडीत धुळ्याचा पारा सहा-सातवर येतो, मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळिशी गाठतं. "संध्याकाळी ऑफिसनंतर पळा" म्हणणाऱ्याने एकदा मेमध्ये सहा वाजता आमच्या डांबरी रस्त्यावर पाय ठेवून बघावा, रस्ता तव्यासारखा असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात चालायची खिडकी पहाटे पाच ते साडेसहा, फार तर सात. म्हणूनच मी रिंगवर एवढा बोललो. मुंबईत सकाळ हुकली तर समुद्राचा वारा आहे, इथे हुकली तर गच्चीसुद्धा रात्री नऊपर्यंत तापलेली. निघायच्या आधी पाणी प्या, आल्यावर ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. केळं तर आपल्या घरचंच. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं असं काही वाटलं तर थांबा, सावलीत बसा, तीस मिनिटं पूर्ण करायच्या नादात राहू नका. आणि बीपी-शुगरची गोळी सुरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटचं, खाडे पडण्याबद्दल. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात ना, ते मनावर घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१० साली ९६ लोकांवर अभ्यास झाला. नवीन सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि कोणाला १८ तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत. व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा जास्तच. पण त्यात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. लग्नाला गेलात, रात्री मीटिंग लांबली, ठीक आहे. आमच्या दोघांच्या वहीत जानेवारी ते एप्रिल त्याचे ८३ दिवस भरले, माझे ९१. दोघांनाही १२० चे १२० जमलेले नाहीत आणि त्यावर आम्ही कधी बोललोही नाही.

त्याने एप्रिलच्या शेवटी पुन्हा रक्त तपासलं. ५.९. मला वाटलं खूश होईल. तो म्हणाला डॉक्टरांनी फक्त मान हलवली आणि सांगितलं, "चालू ठेवा, तीन महिन्यांनी बघू." म्हणजे जुलैमध्ये. तोपर्यंत पाऊस सुरू झालेला असेल आणि पांझरेच्या काठचा त्याचा रस्ता चिखलाचा, तेव्हा आमचं नवीन भांडण सुरू आहे की पावसाळ्यात तीस मिनिटं कुठे करायची. तो म्हणतो दुकानाच्या गोडाऊनमध्ये, पोती उचलून. मी म्हणतो तो व्यायाम नाही, ते काम आहे. तुम्हाला काय वाटतं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात त्याला ऐकवतो.